पाय खाली का जातात?

खर्डा हे गाव तुम्हांला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असेल. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई येथे झाली. गावाचा भुईकोट किल्ला अजून उभा आहे. परंतु आज आपल्याला लढाईविषयी बोलायचे नाही. पाण्याखाली शरीर आडवे कसे राहते, याविषयी बोलायचे आहे. जामखेड तालुक्यातल्या, दर वर्षी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या या गावाचा पाणबुड्यांशी काय संबंध, असे कुणीही विचारील. माझ्यापुरता तो संबंध एका विहिरीतून आणि एका पत्र्याच्या डब्यातून आला.

आमच्याकडे मुले पोहायला विहिरीतच शिकतात. पूर्वी शिकाऊ मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधत. माझ्या वेळेपर्यंत त्याची जागा तेलाच्या पाच लिटरच्या डब्याने घेतली होती. डब्याचे तोंड झाळून घट्ट बंद करायचे आणि तो दोरीने पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मधे, आवळून बांधायचा. मग थोरांपैकी कुणीतरी पाण्यात उभे राहत असे आणि आम्ही पायऱ्यांवरून उड्या टाकत असू.

एका दुपारी माझ्या डब्याची दोरी सैल झाली आणि डबा घसरून कमरेवर आला. डबा तोच, मीही तोच, पाणीही तेच. तरी क्षणार्धात माझे डोके पाण्यात गेले आणि पाठीचा खालचा भाग वर आला. मी जितके हातपाय मारी, तितके डोके अधिकच खाली जाई. आजोबांनी मला दंडाला धरून बाहेर ओढले. नाकातोंडातले पाणी गेल्यावर ते एवढेच म्हणाले, "अरे, डबा कमरेला आला की डोकं खाली जायचंच. खवाट्यात बांध, खवाट्यात." आजोबा शाळेत फारसे गेले नव्हते. पण त्या एका वाक्यात जे पदार्थविज्ञान होते ते मला नीट समजायला पुढे एम.एस्सी. व्हावे लागले, आणि खरे सांगायचे तर तेव्हाही पुरते समजले नव्हते.

आर्किमीडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहात. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर, तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके बल वरच्या दिशेने लागते. हे प्लावक बल. वस्तूचे वजन आणि प्लावक बल समान असतील तर वस्तू बुडतही नाही आणि वरही येत नाही. येथपर्यंत सर्वांना पाठ असते. पण वस्तू समतोलात असण्यासाठी आणखी एक अट आहे आणि परीक्षेच्या उत्तरांत तीच नेमकी राहून जाते. दोन्ही बले समान असून भागत नाही; ती एकाच उभ्या रेषेत असावी लागतात.

वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. प्लावक बल मात्र गुरुत्वमध्यातून लागत नाही. शरीराने बाजूला सारलेले जे पाणी, त्या पाण्याचा गुरुत्वमध्य जेथे असता त्या बिंदूतून ते लागते. या बिंदूला आपण प्लावनमध्य म्हणू. भरीव, सर्वत्र सारख्या घनतेच्या चेंडूत हे दोन्ही मध्य एकाच जागी असतात. माणूस असा नाही. त्याच्या छातीत हवेने भरलेली फुप्फुसे आहेत. ती पाणी बाजूला सारतात, पण त्यांना वजन जवळजवळ नाही. पायांत हाडे आणि स्नायू आहेत. ते पाण्याहून थोडे जड. त्यामुळे माणसाचा प्लावनमध्य छातीकडे आणि गुरुत्वमध्य पायांकडे सरकलेला असतो. दोहोंतले अंतर फार नाही, एक-दोन सेंटिमीटर. पण तेवढे पुरते. एक बल वर, एक बल खाली, आणि दोघांच्या रेषा वेगळ्या: असे बलयुग्म शरीराला फिरवते. पाय खाली जातात आणि छाती वर येते. दोन्ही मध्य एका उभ्या रेषेत आले, प्लावनमध्य वर आणि गुरुत्वमध्य खाली, की फिरणे थांबते. पाण्यात पूर्ण बुडालेल्या शरीराचा स्थिर समतोल हाच.

आता डब्याकडे पाहा. पाच लिटरचा डबा स्वतःचे वजन वजा जाता साधारण साडेचार किलो वर उचलतो. तो खवाट्यात असतो तेव्हा छाती आणि डोके उचलून धरतो. शिकाऊ मूल डोके पाण्याबाहेर काढतेच. बाहेर काढलेल्या डोक्याला पाण्याचा आधार नसतो आणि त्याचे तीन-चार किलो पुरते खाली दाबतात. हा भार डबा पेलतो. तोच डबा कमरेवर आला की उचलणारे बल गुरुत्वमध्याच्याही पलीकडे, पायांच्या बाजूला जाते. डोक्याचा भार एकीकडे, डब्याची उचल दुसरीकडे, म्हणजे बलयुग्म तयार. डबा घसरला होता जेमतेम तीस सेंटिमीटर. परिबलाच्या हिशेबात मात्र साडेचार गुणिले तीस, म्हणजे एकशे पस्तीस किलोग्रॅम-सेंटिमीटरचा फरक पडला होता. (काटेकोर शिक्षकांनी किलोग्रॅमऐवजी न्यूटन घेऊन सर्व आकड्यांना ९.८ ने गुणावे. मी बाजारातल्या किलोनेच बोलणार आहे.)

डबा पाठीवरच का, पोटावर का नाही, हेही आता तुम्ही सांगू शकाल. उत्तर सुचले नाही तर पुढे वाचण्यापूर्वी थोडा वेळ थांबा.

पाठीवरच्या डब्यामुळे पालथ्या मुलाचा प्लावनमध्य गुरुत्वमध्याच्या वर येतो, समतोल स्थिर. पोटावर बांधला तर तो खाली येतो आणि पहिल्याच हेलकाव्याला मूल उताणे होते.

आपला स्वतःचा गुरुत्वमध्य शोधायचा प्रयोग शाळेतच करता येईल. दोन मीटरहून थोडी लांब, मजबूत फळी घ्या. तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे माणसाचे वजन करायच्या काट्यावर, तेवढ्याच उंचीवर टेकवा. दोन्ही टेकूंतले अंतर बरोबर २०० सेंटिमीटर ठेवा. रिकाम्या फळीचे काट्यावरचे माप लिहून घ्या. मग एका मुलाला फळीवर उताणे झोपवा. टाचा बरोबर विटेच्या टेकूवर, डोके काट्याकडे. समजा, त्याचे वजन ५० किलो, उंची १६० सेंटिमीटर आणि काट्यावरचे माप २२ किलोंनी वाढले. विटेभोवती परिबले घेतली तर २२ गुणिले २०० बरोबर ५० गुणिले गुरुत्वमध्याचे अंतर. म्हणजे टाचांपासून ८८ सेंटिमीटर, बेंबीच्या आसपास. आता त्याला दोन्ही हात डोक्यामागे लांब करायला सांगा. माप सव्वातेवीसच्या आसपास जाईल. गुरुत्वमध्य ९३ सेंटिमीटरवर, म्हणजे पाच सेंटिमीटर डोक्याकडे सरकला. नंतर पालथे झोपवून, हात तसेच लांब ठेवून, गुडघ्यांतून पाय उभे वाकवले तर माप चोवीसच्या जवळ येईल. बाहेर काही न जोडता, केवळ अंगस्थिती बदलून, गुरुत्वमध्य आठ सेंटिमीटर हलला.

आठ सेंटिमीटर! आणि आपण तर वर म्हणालो की पाण्यात एक-दोन सेंटिमीटरच्या फरकाने पाय बुडतात. मग नुसते हात लांब केले की प्रश्न सुटला, असे वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते आणि वर्गात मी तसेच सांगितलेही आहे. ते चूक होते. हात पाण्यातून पुढे नेला की त्याने बाजूला सारलेले पाणीही पुढे जाते, म्हणजे गुरुत्वमध्याबरोबर प्लावनमध्यही सरकतो. दोन्ही जवळजवळ सारखेच सरकतात. फरक उरतो तो फक्त हाताच्या 'पाण्यातल्या वजनाचा'. दोन्ही हात मिळून पाच किलो असले, तरी पाण्यात त्यांचे वजन पावशेर-दीड पावशेरच भरते. पाण्याखाली हिशेब करायचा तो नेहमी या पाण्यातल्या वजनाने. हात पाण्याबाहेर काढले तर गोष्ट वेगळी. मग त्यांचे पुरते वजन मोजावे लागते. विहिरीत उताणे तरंगताना डोक्यामागे लांब केलेल्या हातांची मनगटे पाण्याबाहेर काढली की पाय हळूच वर येतात, ते यामुळेच. हा प्रयोग पट्टीचा पोहणारा शेजारी असेल तरच करावा, एकट्याने कधीही नाही.

पायांचाही हिशेब असाच मांडू. साठ किलोच्या माणसाचे दोन्ही पाय मिळून अठरा-एकोणीस किलो. पाण्यात मात्र जेमतेम एक किलो. उरलेले शरीर, मुख्यतः छाती, तेवढ्याच एका किलोने वर उचलले जाते असे धरा. दोन्ही बलांतले अंतर सुमारे ८० सेंटिमीटर. परिबल झाले ८०. बले समान आणि विरुद्ध असल्यामुळे हे शुद्ध बलयुग्म आहे. परिबल डोक्यापासून मोजा, टाचेपासून मोजा की बेंबीपासून मोजा, उत्तर ८०च येते. विद्यार्थ्यांनी हे एकदा स्वतः करून पाहावे. पुस्तकातले हे वाक्य पाठ होते, पटत मात्र नाही.

हे सारे मला नव्याने शिकावे लागले ते मालवणला. श्वसनयंत्र घेऊन पाण्याखाली उतरण्याची पद्धत फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली रूढ केली. पाठीवर दाबलेल्या हवेचे नळकांडे आणि तोंडात, मागितली तेवढीच हवा बाहेरच्या दाबाला देणारी झडप, असे तिचे स्वरूप. आपल्याकडे मालवण-तारकर्ली हे तिचे ठळक केंद्र झाले आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षणसंस्था तारकर्लीला आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्याचे बांधकाम सुरू केले त्या सिंधुदुर्गाच्या आसपासच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे.

विहिरीत वाढलेल्या मला पाण्याची भीती नव्हती, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच उतरलो. पाच मिनिटांत माझ्यामागे गढूळ ढग उठला. मी पुढे जाण्यासाठी पाय मारी आणि पायांतली रबरी वल्ही तळाची माती उधळीत. एकदा तर वल्ह्याचा फटका खडकाला बसला. तेथे प्रवाळ नव्हते हे माझे नशीब. प्रवाळाची वाढ फार सावकाश होते, एका लाथेने मोडलेला तुकडा भरून यायला वर्षे लागतात. वर आल्यावर माझा मालवणी शिक्षक, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा, म्हणाला, "सर, तुमचे पाय खाली जातत. बघा, सगळी माती उडता." पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला हे दुसऱ्याने सांगावे! रात्री खोलीवर मी कागद घेऊन बसलो.

माझ्या कमरेला शिशाचा चार किलोचा पट्टा होता. शिशाची घनता पाण्याच्या अकरापटींहून थोडी अधिक, म्हणून पाण्यातही तो साडेतीन किलोंहून अधिक भरतो. त्यातले दोन किलो मला नको होते. मी घाबरेन, वर तरंगेन, म्हणून घेतले होते. हे जादा दोन किलो पेलण्यासाठी मला अंगातल्या फुगवायच्या जाकिटात दोन लिटर हवा भरावी लागे. ती हवा जाते जाकिटाच्या वरच्या भागात, खांद्यांपाशी. शिसे कमरेला, हवा खांद्याला, मध्ये २५ सेंटिमीटर. एकूण वजनाचा हिशेब शून्यावर आला, पण परिबल वाढले ५०. त्याशिवाय पायांतली वल्ही पाण्यात पाव-पाव किलो भरणारी. त्यांचे आणखी ५० धरा. मूळचे शरीराचे ८०. बेरीज १८०.

सर्व साहित्यासह मी सुमारे ९० किलोंचा होतो. १८० भागिले ९०, म्हणजे माझा गुरुत्वमध्य प्लावनमध्यापेक्षा दोन सेंटिमीटर पायांकडे होता. पालथ्या अवस्थेत तो पोटाच्या दिशेनेही समजा दोन सेंटिमीटर खाली होता. दोन्ही मध्य एका उभ्या रेषेत येईपर्यंत शरीर फिरणार, हे आपण पाहिले. दोन आडवे, दोन उभे: कोन पंचेचाळीस अंशांचा. मी समुद्रात पोहत नव्हतो, भिंतीला टेकलेल्या शिडीसारखा तिरका सरकत होतो.

तिरके असण्याने बिघडते काय? एक तर पाण्याचा विरोध वाढतो. तो समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो, आणि आडव्या माणसापेक्षा तिरक्या माणसाचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ तिपटी-चौपटीने अधिक भरते. वेग तोच ठेवायचा तर श्रम तितके वाढतात, श्वास वाढतो, नळकांड्यातली हवा लवकर संपते. पण याहून मोठी आणि सहसा लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. वल्ह्यांचा रेटा शरीराच्या लांबीच्या दिशेने मिळतो. शरीर तीस अंशांनी जरी तिरके असले, तरी रेट्याचा निम्मा भाग वर ढकलतो, कारण ३० अंशांची ज्या अर्धी असते. पाणबुड्याला वाटते, आपण फार हलके आहोत. तो जाकिटातली हवा सोडतो किंवा पुढच्या वेळी पट्ट्यात आणखी एक शिसे घालतो. पाय मारीत असेतो सारे ठीक. पाय थांबले की वरचा रेटा नाहीसा होतो आणि तो दगडासारखा खाली जातो. मग घाबरून पुन्हा पाय मारतो. वर सांगितलेला कमरेचा जादा भार त्याला आणखी तिरका करतो तो वेगळाच. एक चूक दुसरीला जन्म देते, दुसरी पहिलीला पोसते.

म्हणून सुधारणेचा आरंभ वजन कमी करण्यापासून. दुसऱ्या दिवशी शिक्षकाच्या देखरेखीखाली दोन किलो काढले. ५० परिबल गेले. उरलेले दोन किलो कमरेवरून काढून नळकांड्याच्या गळ्याजवळच्या पट्ट्यावर बांधले. चाळीस सेंटिमीटर डोक्याकडे, म्हणजे आणखी ८० वजा. उरले ५०. भागिले आता ८८. अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे अधिक. कोन पंधरा-सोळा अंशांवर आला. शेवटी गुडघे काटकोनात वाकवून वल्ही नितंबांच्या बाजूला घेतली, तसा मी जवळजवळ आडवा झालो. वाकलेल्या गुडघ्यांनी बेडकासारखे पाय मारले की पाण्याचा झोत मागे जातो, तळाकडे जात नाही. गाळ जागचा हलत नाही.

काहीजण वजने हलवण्याऐवजी नळकांडेच वर-खाली सरकवतात. येथे पुन्हा पाण्यातल्या वजनाची आठवण ठेवा. ॲल्युमिनियमचे भरलेले नळकांडे जमिनीवर सतरा किलोंच्या आसपास भरते, पण पाण्यात किलोभर किंवा त्याहूनही कमी. ते पाच सेंटिमीटर सरकवून परिबल फारतर ५ने बदलेल. पोलादी नळकांडे पाण्यातही जड राहते, त्याने अधिक फरक पडतो. परंतु तो भार पाठीवर, गुरुत्वमध्य वर उचलणारा, म्हणून त्याने पाणबुड्या कुशीवर कलंडण्याचीही शक्यता वाढते. आमचा डबा हलका होता म्हणून पाठीवर शोभत होता.

श्वासाचे काय, असे एखादा चौकस वाचक विचारील. शांतपणे घेतलेला एक श्वास म्हणजे अर्धा लिटर हवा, अर्धा किलो उचल, आणि तीही छातीत. श्वास घेतला की पाणबुड्या किंचित वर जातो, सोडला की खाली येतो. सराव झाल्यावर याच बळावर तो उंची सांभाळतो. पण श्वास रोखून मात्र कधी धरायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छाती भरून घेऊन श्वास रोखलेला माणूस वर आला, तर बॉईलच्या नियमाप्रमाणे ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसे फाटू शकतात. विहिरीत वरून श्वास घेऊन बुडी मारणाऱ्याला हा धोका नाही, कारण त्याची हवा खाली जाताना आकसते आणि वर येताना मूळच्या मापावर येते. विहिरीतल्या पोहणाऱ्यांना ही सवय मोडणे जड जाते, मलाही गेले.

तिसऱ्या खेपेला, डुबकीच्या शेवटी शेवटी, माझे पाय खाली जाण्याऐवजी किंचित वर येऊ लागले. वजने जागच्या जागी होती, गुडघे वाकलेले होते. नळकांड्याचा कोठा अकरा लिटरचा, त्यात हवा दोनशे वातावरणांच्या दाबाने भरलेली. म्हणजे सुमारे २२०० लिटर हवा, आणि एक लिटर हवेचे वजन १.२ ग्रॅम. ही हवा मी श्वासाबरोबर संपवली होती, ती बुडबुडे होऊन निघून गेली होती. नळकांडे दोन किलोंहून अधिक हलके झाले होते आणि त्याचे कमरेकडचे बूड आता वर उचलत होते. कमरेवर आलेला डबा! फक्त या वेळी मी आधी गुडघे थोडे सरळ केले, वल्ही मागे लांबवली, आणि डोके जागच्या जागी राहिले.